औशाची भाकरी, हुसेनसागरचा काठ

औसा म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, एक किल्ला आणि दुसरा दुष्काळ. लातूरहून तुळजापूर-सोलापूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर आमचे गाव लागते. इथला किल्ला डोंगरावरचा नाही. सखल जागेत दबा धरून बसलेला आहे, जवळ जाईपर्यंत दिसतसुद्धा नाही. बहामनी काळातला, पुढे मलिक अंबरने घेतलेला. भोवती रुंद खंदक आहे. औशाला पाणकाठ म्हणून काही असेल तर हा खंदकच, आणि त्यातले पाणीही पावसाच्या मर्जीवर. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते साऱ्या देशाने पाहिले. अशा मुलखातली माणसे पाण्याच्या काठी बसून चार घास खायला तीनशे किलोमीटर गेली, तर त्यात नवल वाटू नये.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन घरची नऊ माणसे हैदराबादला जाऊन आलो. रविवारच्या वंदनेनंतर विहारातच बेत ठरला. हुसेनसागरातली तथागतांची मूर्ती आणि 2023 साली उभा राहिलेला बाबासाहेबांचा 125 फुटी पुतळा पाहायचा, ही मूळ इच्छा. त्या दोन्हींविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हाला सांगायचे आहे ते त्या तलावाकाठी घेतलेल्या एका जेवणाविषयी. ते जेवण आम्हा सगळ्यांना एकत्र घेता येईल की नाही, हीच निघताना मोठी काळजी होती.

त्याचे कारण असे. आमच्यात अकरा वर्षांची एक मुलगी आहे, तिला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असे नव्हे. पोळीचा घास, बिस्किटाचा तुकडा, चमचाभर शिरा पोटात गेला तरी तिच्या आतड्याला इजा होते. दुसरी-तिसरीत असताना तिचे पोट फुगायचे, जुलाब व्हायचे, अंगात रक्त नव्हते, उंची वाढेना. जंताची औषधे झाली, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा अशा वेळी कुणीतरी हळूच अंगाऱ्याचे नाव काढतेच. ते तिच्या आईने चालू दिले नाही. शेवटी लातूरच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासले, मग दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आजाराचे नाव सांगितले, सिलियाक. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, जव आणि त्यांच्यापासून जे जे होते ते जन्मभर बंद. (एक गोष्ट मायभगिनींनी ध्यानात ठेवावी. संशय आला म्हणून आधीच गहू बंद करून मग तपासणीला जाऊ नये. गहू खाण्यात असतानाच ही तपासणी खरी येते.)

गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते काय हे समजायला मोठे पुस्तक नको. पोळीची कणीक ताणली तर ताणते, लगेच तुटत नाही. ती चिकाटी म्हणजे ग्लुटेन. ज्वारीत ते नाही. म्हणून तर भाकरीचे पीठ कढत पाण्यात मळावे लागते आणि थापताना हात चुकला की कडेला चिरा पडतात. नव्या सुनांनी ज्या चिरांपायी बोलणी खाल्ली, त्या चिरांच्या भाकरीनेच आमच्या पोरीच्या अंगावर मांस चढवले. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, वरई, राजगिरा आणि सगळ्या डाळी तिला चालतात. फसवतात त्या बारीक गोष्टी. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्या तेलात मैद्याचे समोसे तळले त्याच तेलातली भजी चालत नाहीत. ज्या तव्यावर पोळी भाजली तो नीट घासल्याशिवाय भाकरीला घेता येत नाही.

ज्वारीशी आमच्या समाजाचे नाते साधे नाही. आमच्या आज्या-पणज्यांना गव्हाची पोळी सणावाराला दिसायची. रोजची ज्वारीच, आणि तीही पुष्कळदा बलुत्याची, दारोदार मागून आणलेली. 1941 साली बाबासाहेब आमच्या भागात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. औसा तेव्हा निजामाच्या राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात. गावाची रात्रंदिवस राबणूक करायची आणि त्याबदली सुपातली चार पसे ज्वारी घ्यायची, हे वतन. पुढे 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो लोकांनी डोळे मिटून खाल्ली. तेव्हा हातात पगार येऊ लागला तशी आमच्या घरांत पोळी आली आणि भाकरी मागे सरली, यात कुणाला नावे ठेवायची नाहीत. शेतातूनही ज्वारी मागे सरली. औसा-लातूरकडे पावसाळी पीक म्हणजे आता सोयाबीन. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्या धान्याला गरिबाचे म्हणून हिणवले, ते टपोरे पाहून घ्यायला गेले तर आता गव्हाहून महाग पडते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे साल भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा ज्वारीच्या कौतुकाची भाषणे आम्हीही ऐकली. भाव मात्र त्या भाषणांत कुणी सांगितला नाही.

लग्नात, जयंतीच्या भोजनदानात सगळे पंगतीला बसतात तेव्हा ही पोर कडेला आपला डबा उघडते. हॉटेलात तर तिने दोन वर्षे पाऊल टाकले नव्हते. म्हणून निघताना तिच्या पणजीने, आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो, बारा भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा फडक्यात बांधून घेतला. आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत.

भाड्याची क्रुझर पहाटे निघाली. लामजना ओलांडले की किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने गेलेले हे गाव आमच्याच तालुक्यातले. तिथे गाडीतली बडबड आपोआप थांबते, कुणी सांगावे लागत नाही. पुढे उमरगा, मग मोठा रस्ता धरून हुमनाबाद, जहिराबाद. दुपारी हैदराबाद.

हैदराबाद आम्हाला परके नाही. 1956 पर्यंत औशाची राजधानी हीच. आमच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून दखनी येते, ती तिथे रिक्षावाल्याशी बोलताना उपयोगी पडली. याच शहरातल्या उस्मानिया विद्यापीठाने 12 जानेवारी 1953 रोजी बाबासाहेबांना डी.लिट. दिली.

हुसेनसागर हा सोळाव्या शतकात कुतुबशाहीत बांधलेला तलाव. लुंबिनी पार्कमधून लाँच सुटते ती तलावाच्या मध्यावर मूर्तीपाशी नेऊन सोडते. एकाच ग्रॅनाइटच्या दगडातून कोरलेली 58 फुटी मूर्ती, तथागत उभे आहेत आणि उजवा हात अभयमुद्रेत. मार्च 1990 मध्ये तराफ्यावरून नेताना ही मूर्ती पाण्यात बुडाली आणि कामगारांचे प्राण गेले. जवळजवळ पावणेतीन वर्षे ती तळाशी होती. डिसेंबर 1992 मध्ये वर काढून उभी केली. आम्ही पायाशी त्रिसरण पंचशील म्हटले, त्या बुडालेल्या कामगारांसाठी क्षणभर थांबलो. पाण्याला वास येतो हेही सांगितले पाहिजे. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तलावाने पोटात घेतले आहे.

काठावर सचिवालयाशेजारी बाबासाहेब उभे आहेत. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावच्या राम सुतारांनी घडवलेला हा पुतळा, खाली संसद भवनाच्या आकाराचा 50 फुटी चौथरा. 14 एप्रिल 2023 रोजी त्याचे अनावरण झाले. एका बाजूला पाण्यात तथागत आणि काठावर बाबासाहेब. हे पाहताना आम्हाला 1934 सालची गोष्ट आठवली. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर निजामाच्या राज्यात दौलताबादचा किल्ला पाहायला गेले होते. प्रवासाने धुळीने माखलेली माणसे, दारापाशी भरलेला हौद दिसला म्हणून हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून जमाव चालून आला. पुढे किल्ला पाहू दिला तो एका हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवला आहे.

संध्याकाळ झाली, पोटे बोलू लागली. काठाने हॉटेले आहेत. त्यातल्या एकावर पाटी होती, चायनीज, थाई, जपानी. काचेतून पाणी दिसत होते आणि दारातच लावलेल्या कार्डावर काही पदार्थांपुढे गव्हाची ओंबी काढून तिच्यावर फुली मारली होती. पोरीने तेच आधी पाहिले. तिला ती खूण ठाऊक होती, औषधाच्या दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर असते.

आजी दाराशी अडखळल्या. हॉटेल त्यांना नवे नाही. तरुणपणी त्या बाजाराला जायच्या त्या गावात चहाचा कप त्यांच्यासाठी बाहेर कोनाड्यात ठेवलेला असे. चहा वरून ओतत. पिऊन झाला की कप स्वतः धुऊन पुन्हा कोनाड्यात. पैसे मात्र हॉटेलवाला वरून टाकायला सांगून घेई, पैशाला विटाळ नव्हता. हे त्यांनी आम्हाला पूर्वी सांगितले होते, त्या दिवशी नाही. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारले, ‘‘आत बसायचं?’’ आम्ही म्हणालो, आतच, खिडकीशी.

ऑर्डर घ्यायला आलेला मुलगा सिक्कीमचा होता. आमच्यातल्या एकाच्या शर्टावरचा बाबासाहेबांचा बिल्ला पाहून त्याने विचारले, आणि आपणही बौद्ध घरचा असल्याचे सांगितले. मग आम्ही कामाचे बोललो. ‘‘ये बच्ची को गेहूं नक्को, मैदा नक्को, सोया सॉस बी नक्को. इसका बर्तन अलग होना.’’

आजी ताठ झाल्या. ‘‘आलग बर्तन कामून? पोरीनं काय केलंय?’’

सगळे गप्प झाले. त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या कानाला एकच ठाऊक होता. पोरीनेच त्यांना समजावले, की आजी, ते भांडं मला बाटू नये म्हणून वेगळं, माझ्यामुळं दुसऱ्याला नाही. त्यात आधी मैद्याचं शिजलं असलं तर मी आजारी पडते. आजींनी ऐकून घेतले, थोडा वेळ पाण्याकडे पाहिले, मग त्या मुलाला म्हणाल्या, ‘‘मग आधी तिचं रांधा म्हनावं. बाकीच्यांचं मागून.’’

त्याला मराठी कळले नाही. आम्ही सांगितले. तो आत जाऊन आचाऱ्यालाच बाहेर घेऊन आला, आणि ही गोष्ट आम्हाला फार आवडली. आचारी म्हणाला की ओंबीवर फुली मारली तरी सोया सॉसचे विचारलेत ते बरे केले. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि चायनीज स्वयंपाकात तो सवयीने पडतोच. मंचुरियनच्या गोळ्यांत मैदा, मोमो मैद्याचे, साध्या नूडल्स गव्हाच्या, हे सगळे बाद. तांदळाच्या शेवया आहेत, त्या घासलेल्या कढईत, ताज्या तेलात, मीठ, लिंबू, अंडे आणि शेंगदाण्याचा कूट घालून करतो. नारळाच्या दुधातली थाई आमटी आणि साधा भातही चालेल. मात्र तळलेले काही देऊ नका, कारण तेल एकच आहे, हे त्याने आपणहून सांगितले. ज्या हॉटेलात आपणहून ‘हे नको’ असे सांगतात तिथे विश्वासाने बसावे, असे आमचे मत झाले आहे. जिथे सगळ्यालाच मान डोलावतात तिथून उठावे.

कार्डाच्या मागल्या बाजूला ज्वारीही सापडली. उकडलेली ज्वारी, वर भाज्या आणि लिंबाचा रस, एक वाटी तीनशे वीस रुपये. आम्ही वाचून दाखवले. आजी म्हणाल्या, ‘‘कन्या हायत की!’’ ज्वारी भरडून, शिजवून, मिठाबरोबर खायच्या त्या कण्या. घरात पीठ पुरत नसे तेव्हाचे जेवण. आम्ही मागवले नाही, पण किंमत ऐकून त्या बराच वेळ हसत होत्या. पुढे मुलाने विचारले, पाणी साधे की बाटलीचे, तेव्हा पुन्हा त्यांचाच सवाल. ‘‘येवढ्या पान्याच्या काठी बसून पानी इकत?’’ आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, पाण्याला पैसे पडतात हे त्यांना ठाऊक आहे. पण तिथे समोर तलाव पसरलेला.

‘बाहेरचे पदार्थ आणू नयेत’ अशी पाटी होती. व्यवस्थापकांना विचारले, त्यांनी पोरीपुरती भाकरी खाऊ दिली. मग झाले असे की थाई आमटीत भाकरी चुरून सगळ्यांनीच चाखली. नारळाचे दूध, गवती चहाचा वास, आणि खाली आपली भाकरी. चांगली लागते. थोडे तिखट कमी पडले, तिथे ठेचा कामी आला. आमच्या मुलांनी मात्र त्या दोन काड्यांनी शेवया उचलायचा नाद सोडला नाही, निम्म्या टेबलावर सांडल्या.

जेवताना मुलांनी विचारले, हे कुठल्या देशाचे, ते कुठल्या. थायलंड, जपान, व्हिएतनाम. धम्म जिथे जिथे गेला त्या देशांचीच नावे ती. थायलंडात आजही भल्या सकाळी भिक्खू पात्र घेऊन रस्त्याने निघतात आणि लोक दारात उभे राहून त्यात भात वाढतात, हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले की त्यांना कुणी वरून टाकत नाही ना. नाही, म्हटले, वाकून वाढतात.

संविधानाच्या पंधराव्या कलमाचे दुसरे पोटकलम आपल्यापैकी किती जणांनी सावकाश वाचले आहे? जातीच्या कारणावरून कुणालाही कुठे अडवता येणार नाही, याची तिथे यादी आहे. पहिल्या भागात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे. दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. आम्ही त्या संध्याकाळी तलावाच्या काठच्या हॉटेलात बसलो होतो, म्हणजे त्या यादीतल्या दोन्ही भागांत एकदमच. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने तर उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. तरी कोनाड्यातले कप त्यानंतरही कित्येक वर्षे कोनाड्यातच होते, हे आजींसारख्यांना विचारावे.

जेवण झाले. आजी उठल्या आणि सवयीने ताटे एकावर एक रचू लागल्या. मोरी कुठे म्हणून इकडेतिकडे पाहू लागल्या. सिक्कीमच्या मुलाने धावत येऊन त्यांच्या हातून ताटे घेतली. त्या काही बोलल्या नाहीत, पदराला हात पुसून बसल्या. बाहेर अंधार पडला होता आणि पाण्यातल्या मूर्तीवर दिवे लागले होते.

नऊ जणांचे बिल तीन हजार नऊशे झाले. आमच्यासारख्यांना हे रोजचे नव्हे, वर्षातून एखाद्या वेळचे आहे. पोरीला रात्री त्रास झाला नाही, सकाळीही नाही. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी जाण्याआधी फोन करावा, गर्दीच्या वेळी जाऊ नये, आणि ‘ग्लुटेन फ्री’ एवढेच न विचारता कढई, तेल आणि सोया सॉस यांची नावे घेऊन विचारावे. बाजारातल्या पुड्यावर ही अक्षरे छापायची तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन असावे, असा आपल्याकडे नियम आहे. हॉटेलच्या कढईला असे मोजमाप कोण लावणार, तिथे आचाऱ्याच्या शब्दावरच चालावे लागते.

परतताना जहिराबादला थांबलो. तिथून जवळच पस्तापूर. त्या भागातल्या गावोगावच्या दलित बायकांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने संघम बांधले, पडीक तुकडे कसले, ज्वारी-बाजरी-राळ्याची जुनी बियाणी घरच्या कणगीत जपून ठेवली. 2008 पासून स्वतःचे रेडिओ केंद्र चालवले. 2019 साली त्यांच्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. आमच्यासारख्याच कोरडवाहू मुलखातल्या, आमच्यासारख्याच घरांतल्या बायका. जहिराबादच्या बाजारात आजींनी ज्वारीचे दाणे दाताखाली फोडून पाहिले, दखनीत घासाघीस केली आणि दहा किलो घेतली.

ती ज्वारी दळायची हाही एक प्रश्नच होता. गिरणीत आधी कुणाचे गहू दळले असले तर जात्यात राहिलेले पीठ ज्वारीत उतरते आणि सगळे पथ्य वाया जाते. तिच्या आईने औशातल्या गिरणीवाल्याला हे दोनदा समजावून सांगितले. आता दर सोमवारी सकाळी तो गिरणी झाडून घेतो, ओंजळभर ज्वारी आधी दळून ती बाजूला टाकतो, आणि मग पहिले दळण तिचे घेतो.